नंबर तोच, तार वेगळी

घरच्या टेलिफोनचा नंबर ही आपल्याकडे काही वर्षांपूर्वीपर्यंत पत्त्याइतकीच पक्की गोष्ट होती. तो लग्नपत्रिकेवर छापला जाई, दुकानाच्या पाटीवर रंगवला जाई, बँकेच्या अर्जावर आणि गॅसच्या पुस्तकावर लिहिला जाई. मोबाइल आले आणि घरचा फोन मागे पडला. तरीही तो ज्यांच्याकडे उरला आहे, त्यांतले बरेच जण वयस्क आहेत आणि त्यांना तो नंबर सोडवत नाही. अशा घरांना हल्ली एक निरोप येतो. तांब्याची तार जुनी झाली, फोन इंटरनेटवर घ्या. नंबर तोच राहील. बाकी काही बदलणार नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३० वर्षे नोकरी केली. त्यामुळे निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी असे प्रश्न घेऊन येतात. त्यांना मी सांगतो, की या निरोपातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे अटींसह खरे आहे आणि तिसरे मुळीच खरे नाही.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये आपण तबकडी फिरवली, की एकेका आकड्याबरोबर यंत्राचे हात सरकत जात आणि शेवटी ठरलेल्या घराच्या तारेच्या जोडीवर येऊन थांबत. म्हणजे नंबर ही एक जागाच होती. गावातल्या गावात घर बदलले आणि दुसऱ्या एक्स्चेंजची हद्द लागली, की नंबर बदलायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि नंबर ही संगणकाच्या तक्त्यातली एक नोंद झाली. अमुक नंबर मागितला तर तमुक तारेकडे पाठवा, एवढेच ती नोंद सांगते. नोंद बदलता येते, म्हणून नंबरही हलवता येतो.

मग तो एका कंपनीकडून दुसरीकडेही नेता येईल का? अमेरिकेत येतो. तिथल्या १९९६ सालच्या दूरसंचार कायद्याने स्थानिक टेलिफोन कंपन्यांवर बंधन घातले, की ग्राहक निघाला तर त्याचा नंबर त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा. २००७ साली इंटरनेटवरून फोनची सेवा देणाऱ्या कंपन्याही या नियमाखाली आल्या. तिथे हलवलेल्या नंबरांची एक सामाईक यादी असते. फोन लावला, की आधी त्या यादीत पाहिले जाते आणि नंबर आता ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडे फोन वळतो. लावणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. २०१२ साली तिने घरचा नंबर असा इंटरनेट फोनवर नेला. आमच्याकडे साताऱ्यात सगळ्यांना तोच नंबर पाठ, म्हणून तो तिला सोडायचा नव्हता. तिचा अर्ज पहिल्या खेपेला परत आला. कारण एवढेच, की जुने बिल मेहुण्यांच्या नावावर होते आणि अर्ज तिच्या नावाने गेला होता. अशा कामात नाव, पत्ता आणि खाते क्रमांक बिलावर आहे तसाच लागतो. दुसऱ्या खेपेला आठवडाभरात काम झाले.

या सगळ्यात एक नियम कधी मोडू नये. नंबर नव्या कंपनीकडे पोचून तिथे घंटा वाजेपर्यंत जुना फोन बंद करायला सांगू नये. फोन बंद केला, की नंबर जुन्या कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. शिवाय घरचे इंटरनेट त्याच तांब्याच्या तारेवरून येत असेल, तर फोनबरोबर तेही जाईल आणि नवा फोन चालणार कशावर?

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे. कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय आपल्या देशात २०११च्या जानेवारीत सर्वत्र सुरू झाली, पण ती मोबाइलसाठी. घरचा फोन तांब्यावरून फायबरवर नेताना नंबर राहतो, तो त्याच कंपनीत राहिलात तर. बीएसएनएलने आपल्या ग्राहकांना अशी सोय दिली. दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले, तर नंबर नवा. म्हणून ‘नंबर तोच राहील’ असे कुणी सांगितले, तर ‘कुणाकडे?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे.

आता फोन इंटरनेटवरून चालतो म्हणजे काय होते? आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो. ही मापे आकड्यांत लिहून त्यांची छोटी पाकिटे केली जातात. साधारणपणे सेकंदाला ५० पाकिटे निघतात आणि पलीकडे ती उघडून पुन्हा आवाज तयार होतो. बोलण्यासाठी इंटरनेटचा फार मोठा वेग लागत नाही. मात्र पाकिटे वेळेवर पोचावी लागतात. उशिरा आलेले पाकीट टाकून द्यावे लागते आणि मग शब्द तुटतो. एकाच कंपनीचे फायबर आणि फोन असेल, तर आवाजासाठी बहुधा वेगळी वाट राखलेली असते. उघड्या इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनला ती मिळत नाही. घरात कुणी सिनेमा उतरवून घेत असताना असा फोन खरखरला, तर कारण हे असते.

घरातल्या जुन्या वस्तूंचाही विचार करावा. नव्या डब्याला फोन लावण्यासाठी खाच असते, तिथे साधा बटणांचा फोन चालतो. तबकडीचा जुना फोन बहुतेक डब्यांना कळत नाही. फॅक्स कधी जातो, कधी अडतो. चोराची घंटा टेलिफोनच्या तारेला जोडलेली असेल, तर ती बसवणाऱ्याला आधी बोलावावे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वीज गेली तरी जुना फोन चालायचा, हे आपल्या इतके अंगवळणी पडले होते, की ते का होते याचा आपण विचारच केला नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये बॅटरीची एक स्वतंत्र खोली होती. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले आणि त्यांचे मिळून ४८ व्होल्ट. त्या खोलीत आम्लाचा वास भरलेला असे आणि सेलमधले पाणी तपासायला माणूस नेमलेला असे. वीज फार वेळ गेली, तर डिझेलचे जनित्र सुरू होई. तुमच्या फोनला लागणारी वीज याच खोलीतून तांब्याच्या तारेवाटे घरी येत होती.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे ती बॅटरीची खोली आता तुमच्या घरात हवी. वीज गेली, की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. आणि पावसाळ्याच्या रात्री वीज जाते, नेमके तेव्हाच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांना हाक मारावी लागू शकते.

ही नुसती भीती नाही. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोनचे जाळे २०२५च्या अखेरीस बंद करायचे ठरले होते. तिथे एकटे राहणारे अनेक वृद्ध गळ्यात एक बटण घालतात. ते दाबले, की घरच्या फोनवरून मदत केंद्राला हाक जाते. फोन इंटरनेटवर नेल्यावर काही घरांत ही हाक पोचलीच नाही आणि गंभीर प्रसंग घडले. अखेर २०२३च्या डिसेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांना ग्राहकाने न मागता होणारी बदली थांबवावी लागली. पुढे मुदतही जानेवारी २०२७पर्यंत वाढवण्यात आली.

अमेरिकेत धोका आणखी एका बाजूने आला. तिथे ९११ या मदतीच्या नंबरावर जुन्या तारेवरून फोन गेला, की घरचा पत्ता आपोआप कळे. इंटरनेट फोनचा डबा मात्र कुठल्याही गावी नेऊन लावता येतो. म्हणून २००५ साली नियम झाला, की अशा कंपनीने ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्यावा. घर बदलले, की ही नोंदही बदलावी लागते. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी पुढच्या फोनमध्ये एवढे जरूर विचारावे.

म्हणून मी फायबर घेऊ नका म्हणतो का? नाही. तांब्याच्या जोडण्या जुन्या झाल्या आहेत, पावसात त्यांत पाणी शिरते आणि त्या दुरुस्त करणारे हातही कमी झाले आहेत. बदल करावाच, पण तयारीने. घरात इन्व्हर्टर असेल, तर फायबरच्या डब्याचे बटण त्याच्यावर घ्यावे. नसेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवावा आणि तो किती तास चालतो, हे घेताना विचारावे. फोनही तारेचा साधाच ठेवावा, कारण हातात घेऊन फिरण्याच्या फोनच्या बैठकीला वेगळी वीज लागते. एक भरलेला मोबाइल उशाशी असू द्यावा.

आणि जोडणी करणारा मुलगा घरात असतानाच वीजमीटरजवळचा मुख्य खटका बंद करायला लावावा. त्या अवस्थेत घरच्या फोनवरून शेजारी फोन लावून पाहावा. लागला, तर मगच त्याच्या कागदावर सही करावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)