सेवांचा वाक्यविचार

डोणगावच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा झाला, म्हणजे घरांत पहिली चर्चा दाखल्यांची होते. उत्पन्नाचा दाखला मेहकरच्या तहसील कचेरीचा, गुणपत्रिका परीक्षा-मंडळाची, आधारपत्र निराळ्याच खात्याचें, आणि पैसे जमा व्हावयाचे ते बँकेंत. आधीं काय व मागाहून काय, हा क्रम एकत्र कुटुंबांत एखादे जाणते काका लावून देत. तोच क्रम यंत्रानें आपण होऊन लावावा, ही संगणकशास्त्राची जुनी उमेद आहे. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांनीं मे २००१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें असा एक संगणकीय दूत कल्पिला होता; आईच्या उपचारांच्या वेळा तो तिच्या मुलांच्या सोयीशीं जुळवून देतो.

शब्दांचें वाक्य केव्हां होतें, याचीं तीन कारणें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलीं आहेत. तींच येथें लागू पडतात. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा: अर्जाच्या सेवेला उत्पन्नाचा आंकडा हवा, दाखल्याची सेवा तो पुरविते. योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ: ‘अग्नीनें शिंपतो’ हें व्याकरणानें शुद्ध, पण अर्थानें अयोग्य, तसाच मासिक उत्पन्नाचा आंकडा वार्षिकाच्या रकान्यांत बसतो खरा, पण अनर्थ करितो. संनिधि म्हणजे सान्निध्य: एका दाखल्याची मुदत संपल्यावर दुसरा हातीं आला, तर दोहोंचा उपयोग नाहीं.

प्रत्येक सेवेला काय लागतें, ती काय देते व तिच्यामुळें काय बदलतें, हें यंत्राला उमजेल अशा रीतीनें लिहिण्यासाठीं ‘ओडब्ल्यूएल-एस’ ही भाषा २००४ मध्यें मांडण्यांत आली. अशीं वर्णनें हातीं असलीं, कीं यंत्र इष्ट फळापासून उलट मागें जात सेवांची साखळी गुंफूं शकतें.

व्यवहारांत मात्र बहुतेक साखळ्या माणसेंच आधीं जोडून ठेवितात. २०१५ सालीं सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून गुणपत्रिका अनेक ठिकाणीं थेट सादर करतां येते, ती अशाच जोडणीमुळें. अडचण येते ती योग्यतेचीच. शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’ व आधारपत्रावर ‘दत्तात्रेय’ असें असलें, तर गांवचा कारकून दोघे एकच हें ओळखतो. यंत्र अडून बसतें, आणि मुलाचें वर्ष पणास लागतें.

म्हणून गृहस्थांनीं तीन गोष्टी कराव्या. घरांतील सर्वांचीं नांवें व जन्मतारखा साऱ्या कागदांवर अर्जाच्या पूर्वींच ताडून पाहाव्या. संमतीचें बटण दाबण्यापूर्वीं कोणती माहिती कोणास जाते तें वाचावें. आणि यंत्राचा नकार अंतिम समजूं नये. अधिसूचित सेवांसाठीं महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमांत मुदत व अपील या दोहोंची तरतूद आहे. साखळी यंत्रानें खुशाल गुंफावी. तिच्याबद्दल उत्तर देण्यास मात्र मनुष्यच असला पाहिजे.