वागल्यांच्या घरात पुन्हा एकदा

वाचकहो, या पानावर माझे नाव दिसले की दालिंबावरचा तेल्या नाहीतर हरभऱ्यावरची घाटेअळी निघणार, असे तुम्ही गृहीत धरता. आज तसे नाही. आज मी टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल लिहिणार आहे. शेतीच्या माणसाने नाटक-सिनेमात नाक खुपसू नये असे आमचे एक साहेब म्हणत. पण शेतकऱ्याच्या घरात संध्याकाळी जे चालते त्याचा दुसऱ्या दिवशीच्या शेतीशी संबंध असतो, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

1988 सालची गोष्ट. मी तेव्हा बारावी शास्त्र शाखेत होतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावात टीव्ही दोनच, आणि त्यांतला सर्वांना खुला असलेला एकच, शाळेच्या गुरुजींचा. कृष्णधवल. बांबूला अँटेना बांधलेली. चित्र गेले, पडद्यावर मुंग्या आल्या, की एका पोराने पत्र्यावर चढायचे आणि खालून सगळ्यांनी ओरडायचे, "आलं, आलं, गेलं, परत फिरव!" त्या ओसरीवर बसून आम्ही 'वागले की दुनिया' पाहिली. आठवड्यातून एकदा लागायची. भाषा हिंदी, पण घर आपल्यातले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. श्रीनिवास वागले हा मुंबईतला एक साधा कारकून. बायको राधिका, पोरेबाळे, तुटपुंजा पगार. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून हा माणूस आला. वर्तमानपत्रात चौकड्यांचा कोट घालून मुकाट उभा राहणारा 'कॉमन मॅन' त्यांचाच. वागले त्याचाच सख्खा भाऊ म्हणा, फक्त हा बोलणारा. मालिका काढली दुर्गा खोटे यांच्या संस्थेने आणि दिग्दर्शन होते कुंदन शहा यांचे, ज्यांनी 1983 साली 'जाने भी दो यारों' केला. अंजन श्रीवास्तव वागले झाले, भारती आचरेकर राधिका. एका भागात वागल्याला मोटारीचा धक्का देणारा एक तरुण येतो. तो शाहरुख खान होता. तेव्हा त्याचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या ओसरीवर त्याला शिव्याच पडल्या.

वागल्याच्या अडचणी लहान असत. त्यात खून नाही, खलनायक नाही. पैसा मोजून खर्चायचा, साहेबाला घाबरायचे, शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून हो म्हणायचे आणि मग घरी येऊन बायकोचे बोलणे खायचे. सोसायटीचा हप्ता आणि वाण्याची उधारी यांत अडकलेल्या आमच्या लोकांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटला. मालिकांत गावाकडचा माणूस दाखवतात तो मात्र मला आजवर कधी ओळखीचा वाटलेला नाही. पांढरे शुभ्र धोतर, कडक पटका आणि हातात काठी! रानात असा कोण जातो?

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, टीव्हीच्या विरुद्ध होते. पोरे बिघडतात म्हणत. पण वागल्याच्या दिवशी बैलांना वैरण टाकून तेही ओसरीच्या कडेला, अंधारात उभे राहात. बसत नसत. बसले म्हणजे टीव्ही पाहिल्यासारखे झाले असते. आईला मात्र राधिकेचे फार कौतुक. "ही माणिक वर्मांची लेक," असे गुरुजींच्या बायकोने तिला सांगितले होते. रेडिओवर माणिकबाईंचे गाणे लागले की आई जात्यावरचा हात थांबवायची. तिची मुलगी म्हणजे घरचीच पोर.

पुढे मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात गेलो, बी. एस्सी. झालो, नोकरीला लागलो. आई 2012 साली गेली. लक्ष्मण 2015 मध्ये गेले, कुंदन शहा 2017 मध्ये. वागले संपला, असेच मी धरून चाललो होतो.

आणि 8 फेब्रुवारी 2021 रोजी, सोमवारी, तो परत आला. 'सोनी सब' वाहिनीवर 'वागले की दुनिया, नई पीढ़ी, नये किस्से' या नावाने. मी शाळूच्या काढणीसाठी आठ दिवसांची रजा काढून गावी होतो. कोरोनामुळे मुलाचे कॉलेज बंद, तोही घरीच, मोबाईलवर तास करायचा. त्यानेच बातमी आणली. रात्री जेवणे उरकून आम्ही चौघे बसलो. मी, आमच्या घरच्या, मुलगा आणि कोपऱ्यात खाटेवर आबा. वय त्र्याऐंशी.

खरे सांगतो, मी भीत भीतच बसलो होतो. जुने आवडते काही नव्याने आणतात तेव्हा बहुधा त्याचा पार चोथा झालेला असतो. त्यात ही रोजची मालिका. पूर्वी आठवडाभर वाट पाहून मिळणारी गोष्ट रोज ताटात वाढली की तिची चव राहात नाही, हे आमच्या बायकांच्या सासू-सुनांच्या मालिका पाहून मला माहीत झालेले. ही भीती थोडी खरीही ठरली. नव्या मालिकेत रंग फार झगझगीत आहेत, संगीत जास्त वाजते, आणि पंचवीस मिनिटांत आटोपेल ती गोष्ट पुढे चार-चार दिवस ओढलेलीही मी नंतर पाहिली. मालिकेने हजारांवर भाग केले. इतके भाग करायचे तर पाणी घालावे लागणारच.

पण पहिल्या दिवशी यातले काही डोळ्यांत आले नाही. कारण पडद्यावर अंजन श्रीवास्तव आले. तेच! दुसरा कोणी नट केस पांढरे करून आणला नव्हता. तोच माणूस, तेहतीस वर्षांनी खराच म्हातारा झालेला. आणि शेजारी तीच राधिका. मधल्या काळात त्यांचा संसार कुठेतरी चालूच होता आणि आपणच तिकडे गेलो नव्हतो, असे वाटले. माझ्या तोंडून "अरे!" एवढेच निघाले. मुलगा माझ्याकडे पाहून हसला.

आता घरचा कर्ता मुलगा राजेश. ते काम सुमीत राघवन करतात. मराठी मंडळी त्यांना नाटकांतून आणि घाणेकरांवरच्या चित्रपटातल्या डॉ. लागूंच्या भूमिकेतून ओळखतात. राजेशची बायको वंदना, मुलगी सखी, मुलगा अथर्व. वर बाप पैसा-पैसा वाचवायला सांगणारा आणि खाली पोरे रोज नवे मागणारी, मध्ये राजेश. सगळी मालिका या ओढाताणीवर उभी आहे. मी पन्नाशीत, वर आबा, खाली मोबाईलवाले चिरंजीव. मी स्वतःला राजेशच्या जागी बसवले आणि मजेत पाहू लागलो. म्हातारे वागले मध्ये मध्ये बोलतात, राजेश वैतागतो, पुन्हा समेट. मी खूप हसलो.

आबा हसले नाहीत. ते बराच वेळ राधिकेकडेच पाहात होते. आईची आठवण निघाली असणार, असे समजून मी काही बोललो नाही. भाग संपला, जाहिरात लागली, तेव्हा ते अंगावर घोंगडी ओढता ओढता म्हणाले,

"बरं हाय ह्या वागल्याचं. घरातली त्याच्याशी भांडत्यात तरी."

आणि कुशीवर वळले.

आमच्या घरच्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टीव्ही बंद केला.

आता यामागची गोष्ट सांगितली पाहिजे. 2020 च्या दिवाळीआधी आबांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. ते आठ दिवस साताऱ्याला माझ्या बहिणीकडे होते. तेवढ्या दिवसांत मी घरची बैलजोडी विकली. खिलार जातीची, आबांनी खोंडे आणून घरी वाढवलेली. हिशेबाने माझे काही चुकले नव्हते. चार एकराला बैलजोडी परवडत नाही, नांगरट-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने स्वस्तात होते, वैरण वाचते, हे मी शंभर बैठकांत फळ्यावर मांडून दाखवले आहे. शिवाय त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने बैल फिरवायचे म्हणजे जिवाला धोका. आधी सांगितले असते तर ते नको म्हणाले असते, वाद झाला असता, डोळ्याला ताण पडला असता. म्हणून सांगितलेच नाही. आबा परत आले, गोठ्यात गेले, रिकाम्या दावणीपाशी थोडा वेळ थांबले आणि येऊन चहा मागितला. मला वाटले, पटले. मी निश्वास सोडला.

तीन महिने ते त्या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

त्या रात्री झोप आली नाही, कारण मी तेच पुन्हा करायच्या बेतात होतो. शाळू निघाला की त्या एकरात दालिंब लावायचे मी ठरवले होते. रोपांची चौकशी झालेली, ठिबकचा आराखडा कागदावर तयार. आबांना सांगायचे राहिले होते, म्हणजे सांगायचेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी रात्री वागले लागायच्या आधी मी विषय काढला. आबा उठून बसले. "शाळूच्या रानात? डोकं ठिकाणावर हाय का?"

मग जी भांडणे सुरू झाली ती पुढचे पाच दिवस! सकाळी चहाला, दुपारी बांधावर, रात्री वागले लागायच्या आधी आणि संपल्यावर. मी म्हणे मातीपरीक्षण केलेले आहे. ते म्हणत, "वरची वीतभर माती नेलीस डब्यात. खाली काय हाय ते इचारलंस का?" विहिरीचा गाळ काढला त्या वर्षी तिथे चर मारला होता, खाली चिकट शाडू लागला होता, पाणी चार-चार दिवस मुरत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. पाचव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, खड्डाच घेऊ. शाळू काढलेल्या कोपऱ्यात मुलाने आणि मी तीन फूट खोल खड्डा घेतला. दीड फुटाखाली शाडूचा थर लागला. काळा-पिवळा, हाताला मेणासारखा.

फळबागेसाठी मातीचा नमुना घेताना तीन फूट खड्डा घेऊन एकेका फुटाचा थर वेगळा तपासावा, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आहे. पिकासाठी घेतलेला वरचा नमुना बागेला चालत नाही. दालिंबाला पाण्याचा निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन लागते. मुळाशी पाणी तुंबले की मर रोगाने झाडे एकेक करून वाळतात आणि मग औषधांच्या बाटल्या कितीही रिचवा. हे सगळे पाठ असून घरच्या रानात मी वरवरचा नमुना घेतला, कारण मला घाई होती आणि विचारायचे नव्हते.

आबा खड्ड्याच्या कडेला उभे होते. काही म्हणाले नाहीत. फक्त काठीने वरच्या माळवटाकडे दाखवले. दालिंब तिकडे लावले, एकरभर नाही, अर्धा एकर, जून सरताना पाऊस झाल्यावर. बाकीच्या रानात अजून शाळूच असतो. तो असू दे, घरच्या भाकरीला लागतोच.

रजा संपवून मी कामावर गेलो तरी रोज फोन होऊ लागला. पूर्वी पाण्याची पाळी, विजेची रात्रपाळी आणि औषधे संपली का, एवढेच बोलणे होई. आता आबा वागल्याची गोष्ट सांगत. हिंदी त्यांना निम्मीच कळते, निम्मी ते स्वतः रचतात, आणि त्यांची गोष्ट कधी कधी टीव्हीवरच्या गोष्टीपेक्षा बरी असते. म्हाताऱ्या वागल्याचे वागणे त्यांना सगळेच पटते असे नाही. "लई कंजूस हाय," म्हणतात. हे ज्याने चपलेला तीनदा टाचा मारून घेतल्या त्याने म्हणावे!

त्या वर्षी आषाढात बेंदूर आला. गोठा रिकामा, म्हणून सुनेने मातीचे बैल आणून पूजले. आबांनी पुरणपोळीचा घास हातात धरून मला विचारले,

"कुणाच्या दावणीला हायती?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी गावाचे नाव सांगितले. बारा किलोमीटर. मोटरसायकलवर मागे आबा, मांडीवर पोळ्यांचे फडके. बैल चांगल्या घरी होते, शिंगे रंगवलेली, झुली घातलेल्या. आबांनी हाक मारली तेव्हा एकाने मान वळवली, दुसऱ्याने नाही. दोघांनाही पोळी चारली. मग त्यांनी डाव्या बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि मालकाला, जो माझ्याहून मोठा आणि वीस एकरांचा धनी, बोलायला सुरुवात केली. जू नीट बसत नाही, खांदा सुजलाय, दिसत नाही का, हळद-तेल लावायला कुणी सांगायला पाहिजे का, बैल घेतला म्हणजे झालं का. मालक ऐकून घेत होता आणि मधून मधून उत्तरही देत होता. अर्धा तास चालले. मी बाजूला उभा राहून मोटरसायकलची चावी फिरवत होतो.

परतताना अंधार पडू लागला. घाटाखाली आल्यावर आबा मागून म्हणाले, "जरा नेट लाव. त्याची वेळ झाली."