अंतर्गळ, वेदना आणि बुडालेली मजुरी

आजारपणाचा खर्च इस्पितळाच्या बिलावरून मोजण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्याचे हातावर पोट आहे त्याच्या बाबतीत बिलाइतकाच, किंबहुना त्याहूनही मोठा आकडा बुडालेल्या मजुरीचा असतो. अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, हे त्याचे बोलके उदाहरण होय. जांघेपाशी पोटाची भिंत दुबळी होते, आतडे त्यातून बाहेर येऊ लागते आणि ओझे उचलणे हाच ज्याचा व्यवसाय त्या हमालाला ओझे उचलणे अवघड होऊन बसते. आतडे अडकले तर प्राणावरच बेतते. यावर कायमचा इलाज शस्त्रक्रियेवाचून नाही. जगात अशा शस्त्रक्रिया दरवर्षी २ कोटींहून अधिक होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बासिनी यांनी ही दुबळी भिंत टाक्यांनी शिवण्याची पद्धत घालून दिली. टाक्यांवर ताण येई आणि हर्निया अनेकदा पुन्हा उद्भवे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील लिख्टेनस्टाइन यांनी कृत्रिम धाग्यांची जाळी ठिगळासारखी बसवून हा ताण टाळला. इलाज सुधारला, पण विकत घ्यावयाची जाळी गरिबाच्या आवाक्याबाहेर राहिली.

येथे धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावाचे नाव घ्यावे लागते. तेथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याची जाळी वापरली आणि अन्य शल्यविशारदांसह केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे स्वीडन व युगांडा येथील संशोधकांनी युगांडातील ३०२ पुरुषांवर रीतसर तुलनात्मक चाचणी घेतली. २०१६ साली जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया पुन्हा उद्भवला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. इतर गुंतागुंतीचे प्रमाण दोहोंत सुमारे ३० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. अर्थात कोणतीही मच्छरदाणी चालते असा याचा अर्थ नव्हे. कापड कोणते आणि ते निर्जंतुक कसे करावयाचे, याचे नियम काटेकोरपणे पाळावेच लागतात.

हर्निया पुन्हा न उद्भवणे एवढ्यावरच शस्त्रक्रियेचे यश मोजता येत नाही. सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना पुढेही दखल घेण्याजोगी वेदना राहते. कालांतराने ती बहुधा ओसरते, पण काहींना कामच करू देत नाही. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मज्जातंतू सांभाळण्यावर आणि जखमेच्या जागी भुलीचे औषध टोचण्यावर भर आहे. या औषधाने पहिल्या काही तासांची वेदना आटोक्यात राहते आणि अफूजन्य औषधांची गरज घटते. गुंतागुंत नसेल तर महिनोन् महिने विश्रांतीची आवश्यकता नाही, सोसेल तसे लवकर कामाला लागावे, असेही ती तत्त्वे सांगतात. जेथे अजूनही सरसकट तीन महिन्यांची विश्रांती सांगितली जाते, तेथे या एका वाक्याचे मोल मजुराच्या घरात तीन महिन्यांच्या धान्याइतके आहे.

अशा संशोधनाला पैसा कोण पुरविणार, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. काही रुपयांच्या कापडातून अथवा जुन्या, स्वस्त औषधाच्या योग्य वापरातून कोणत्याही उत्पादकाला मोठा नफा मिळत नाही. साहजिकच अशा चाचणीसाठी बाजारपेठ पैसा गुंतवीत नाही. लाभ मात्र लक्षावधी कुटुंबांत थोडा थोडा वाटला जातो. ज्या कार्याचा लाभ सर्वांचा आणि नफा कोणाचाच नाही, ते सार्वजनिक निधीतून व्हावे, हे सार्वजनिक वित्ताचे प्राथमिक तत्त्व आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्ण आहेत, शल्यविशारद आहेत आणि विद्यार्थीही आहेत. त्यांनी रुग्ण कामावर कितव्या दिवशी परतला, सहा महिन्यांनी त्याला वेदना होती की नाही, एवढ्या साध्या नोंदी जरी नियमाने ठेवल्या, तरी फार मोठे काम होईल. दोंडाईच्याच्या अनुभवाची कसोटी युगांडात लागली. पुढच्या अशा प्रयोगाची कसोटी आपल्याच इस्पितळांत लागावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.