इंजिनाला धाप लागते म्हणून हेड कोरावे का?

गव्हाच्या शेवटच्या पाळ्या सुरू झाल्या की नदीकाठचे इंजिन हमखास कुरकुरू लागते. धूर काळा येतो, डिलिव्हरीला पाणी मंद पडते, लोड आला की इंजिन बसल्यासारखे वाटते. विजेचे पंप गावोगाव झाले, सौर पंपही बसू लागले. तरी ओढ्याच्या पोटात आणि तार न पोचलेल्या शिवारात पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन अजून टिकून आहे. आणि या इंजिनांच्या मालकांना अधूनमधून एक सल्ला मिळतो : ‘हेड मोकळे करून घ्या. हवा भरपूर जाईल, पिकअप वाढेल, डिझेल वाचेल.’

हेड मोकळे करणे म्हणजे हेडमधल्या हवेच्या व धुराच्या वाटा कानशीने किंवा हातग्राइंडरने कोरून रुंद आणि गुळगुळीत करणे. मिस्त्री लोक त्याला पोर्टिंग म्हणतात. या कामाची मजुरी कमी नसते. शिवाय लोखंड एकदा खरवडले की परत बसवता येत नाही. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी हे प्रकरण नीट समजून घ्यावे.

मुळात इंजिन किती हवा पिते? आपल्याकडच्या १५०० फेऱ्यांच्या एका सर्वसाधारण पाच हॉर्सपॉवर इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ११० मिलिमीटर असतो. ही पोकळी अर्ध्या लिटरपेक्षा थोडी जास्त, म्हणजे ५५३ घनसेंटिमीटर भरते. दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढली जाते, म्हणजे मिनिटाला ७५० घोट. एकेक घोट घ्यायला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा मिळतो. घाईत घेतलेला घोट पूर्ण भरत नाही हे धरून मिनिटाला साडेतीनशे लिटर हवा समजावी. दोनशे लिटरची पावणेदोन पिंपे हवा दर मिनिटाला बोटभर रुंदीच्या वाकड्या वाटेने आत जाते! राजकोटकडची लिस्टर जातीची ६५० फेऱ्यांची जड इंजिने सावकाश पितात. त्यांना एका घोटाला याच्या दुपटीहून जास्त वेळ मिळतो.

ही वाट सरळ नसते. हवा एअर क्लीनरमधून मॅनिफोल्डमध्ये, तिथून हेडात शिरते, वळसा घेते आणि व्हॉल्व्हच्या ताटलीभोवतीच्या फटीतून सिलिंडरमध्ये उतरते. खरी अरुंद खिंड आहे ती ही फट. ताटलीचा व्यास ३६ मिलिमीटर असेल, तर व्हॉल्व्ह ९ मिलिमीटर उचलला गेल्यावर भोवतालच्या फटीचे क्षेत्रफळ ताटलीच्या क्षेत्रफळाएवढे होते. उचल त्याहून कमी असेल तोवर फट हीच अडचण. मग तिच्यामागची वाट कितीही रुंद केली तरी हवा फटीपाशी अडणारच. दार अर्धेच उघडत असेल तर पडवी रुंद करून माणसे घरात लवकर येत नाहीत.

म्हणूनच जाणता कारागीर पोर्ट तोंडापासून आतपर्यंत सरसकट रुंद करीत नाही. त्याचे सारे लक्ष व्हॉल्व्हच्या सीटखालच्या अंगठाभर भागावर असते. सीटची कडी बसवलेली असते तिथे बहुधा एक पायरी राहते. ओतकामात राहिलेली फुली, गाठी असतात. वळणाच्या आतल्या बाजूची धार तीक्ष्ण असली की हवा तिथे भिंत सोडून उडते आणि अर्धी वाट भोवऱ्यांनीच अडते. ती धार हलक्या हाताने गोल केली, पायरी उतरती केली, की पोर्ट फारसा न वाढवता हवा सुरळीत वाहते. आरशासारख्या पॉलिशचा मात्र उगाच बोलबाला आहे. हवेला आकार कळतो, चकाकी कळत नाही. कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनात तर आत जाणारी वाट किंचित खरबरीत असलेलीच बरी, भिंतीला लागलेले पेट्रोल परत हवेत मिसळते.

मोजून कोरणारे

या कलेचे मोठे नाव म्हणजे इंग्लंडचे हॅरी वेस्लेक. १८९७ ते १९७८ हा त्यांचा काळ. हेडातून हवा सोडून ती किती वाहते हे मोजायचे, थोडे कोरायचे, परत मोजायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे जग्वार नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीच्या १९३५ सालच्या गाडीसाठी त्यांनी नव्या पद्धतीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह हेड आखले, तेव्हा इंजिनाची ताकद सत्तरच्या आसपासवरून शंभर हॉर्सपॉवरच्या पुढे गेली. पण ते इंजिन पेट्रोलचे, भरधाव पळायचे, आणि हाताशी मोजणीचे यंत्र होते. आपला मिस्त्री अंदाजाने कोरतो. कोरल्यावर इंजिनाचा आवाज मोठा झाला की गिऱ्हाईक खूष होते.

गावाकडे ही विद्या आली ती मोटारसायकलवरून. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १००, त्याआधीची येझदी, या टू-स्ट्रोक गाड्यांचे पोर्ट कोरून वेग वाढवणारे हात पुण्या-कोल्हापुरात पुष्कळ तयार झाले. त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण टू-स्ट्रोकचे पोर्ट हेडात नसतात, सिलिंडरच्या भिंतीत खिडक्यांसारखे असतात. खिडकी वर कोरली की ती लवकर उघडते, म्हणजे वेळच बदलते. त्यामुळे फरक ताबडतोब जाणवतो. व्हॉल्व्हच्या इंजिनात उघडण्याची वेळ कॅम ठरवतो. कानशीने ती हलत नाही. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावणे म्हणजे म्हशीचे औषध बैलाला पाजण्यासारखे आहे.

डिझेलचे गणित निराळे

पेट्रोल इंजिनात हवा वाढली की तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढते आणि ताकद वाढते. डिझेल इंजिनात हवा थ्रॉटलने अडवलेली नसते, ती दर वेळी पूर्ण घोट येते. ताकद ठरते नोझलमधून किती डिझेल सुटते त्यावर, आणि ते ठरवतो गव्हर्नर. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. चांगल्या स्थितीतले इंजिन पूर्ण लोडवरसुद्धा वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा घेत असते. म्हणजे हवा आधीच शिल्लक आहे. शिल्लकीत आणखी भर घातल्याने पंप जास्त पाणी कसे देणार?

उलट नुकसान होऊ शकते. थेट डिझेल फवारणाऱ्या इंजिनात हवा सरळ आत पडून चालत नाही, तिने सिलिंडरमध्ये भोवरा धरावा लागतो. रवीने ताक घुसळावे तशी हवा फिरली, की फवारलेले डिझेल तिच्यात मिसळून साफ जळते. यासाठी कारखान्यात हवेचा पोर्ट मुद्दाम तिरपा किंवा गोगलगाईसारखा वळवलेला असतो. एका अंगाला फुगवटाही ठेवलेला असतो. तो फुगवटा नजरेला अडथळा वाटतो. मिस्त्री तो तासतो, हवा सरळ होते, भोवरा मोडतो आणि धूर पहिल्यापेक्षा काळा होतो.

दुसरा धोका पाण्याचा. पाण्याने थंड होणाऱ्या हेडात पोर्टच्या भिंतीपलीकडेच पाणी खेळते. भिंतीची जाडी बाहेरून कळत नाही. ओतताना आतला गाभा जरा सरकला असेल तर एका बाजूला ती फारच पातळ राहते. माझ्या माहितीतल्या एका घरी हेच झाले. मुलगा तालुक्याच्या गॅरेजात शिकून आलेला, हात खरोखर चांगला. वडिलांना म्हणाला, ‘‘आबा, हेड मोकळं करून बघू. इंजिन कसं पळतंय बघा.’’ आबा म्हणाले, ‘‘लेकरा, पळून कुठं जायचंय? पाणी वर आलं म्हंजे झालं.’’ तरी पोराची हौस म्हणून त्यांनी होकार दिला. दोन दिवस इंजिन खणखणीत चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी हँडल फिरेना. कोरलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले होते आणि रात्रभर पाणी झिरपून सिलिंडरमध्ये साचले होते. दोघांनी मिळून जोर लावला नाही हे नशीब. पाणी दाबले जात नाही, जबरीने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बिडाच्या हेडाला वेल्डिंग करायचे तर आधी सगळे तापवावे लागते आणि निकेलची कांडी लागते. त्या भागात कोणी ते हातात घेईना. दुसरे हेड येईपर्यंत अकरा दिवस गेले. दिवस एप्रिलचे, रानात सुरू हंगामाची लागण. चार-पाच सऱ्यांतला ऊस करपला. आबांनी पोराला बोल लावला नाही, पण लागणीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्या साली दागिना ठेवून भरावा लागला.

मग हाताने काय करावे?

करण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली जागा सांध्याची. मॅनिफोल्डचे तोंड आणि हेडाचे तोंड एकमेकांवर नीट बसतात का ते बघावे. गॅस्केट आत डोकावत असते, ती कात्रीने कापून बरोबर करावी. हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पुढचे तोंड मागच्यापेक्षा लहान नसावे, एवढा नियम ध्यानात ठेवला की पुरे. हवा आत जाताना हेडाचे तोंड मॅनिफोल्डपेक्षा लहान नको. धूर बाहेर पडताना पाइपाचे तोंड हेडापेक्षा लहान नको. पायरी असेल तर गोल कानशीने एखादा मिलिमीटर उतरती करावी, आत खोल जाऊ नये.

दुसरी जागा कार्बनची. धुराच्या पोर्टमध्ये आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर काजळी दगडासारखी बसते. ती लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडावी. पोलादी छिन्नी सीटला लागू देऊ नये. सायलेन्सर काढून बघावा. चुलीचे धुराडे बुजले की घरात धूर कोंडतो हे आपल्या माउल्यांना कोणी शिकवावे लागत नाही, इंजिनाचे धुराडे मात्र वर्षानुवर्षे कोणी बघत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा सीटची. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवताना सीटवर सगळीकडे सारखी करडी कडी दिसली पाहिजे, रुंदी साधारण दीड-दोन मिलिमीटर. फार घासले तर व्हॉल्व्ह खाली बुडतो. मग कॉम्प्रेशन कमी होते आणि हवाही अडते. अशा वेळी घासत न बसता नवी सीट बसवून घ्यावी. काम झाल्यावर स्प्रिंग चढवून हेड आडवे धरावे आणि पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतावे. पाच मिनिटांत ताटलीकडून थेंब आला नाही तर काम पसंत. मजुरी त्यानंतरच द्यावी. पेस्ट आणि लोखंडाचा कीस अगदी निपटून धुवावा. उरलेली पेस्ट सिलिंडरचा बोअर खाते.

आणि हेड उघडण्यापूर्वी एअर क्लीनर बघितला का? मळणीच्या दिवसांत त्यात भुसा आणि धूळ साचते, ऑइल बाथमधले तेल लापशीसारखे होते. ‘इंजिनाला दम लागतो’ अशा तक्रारीत पुष्कळदा दोष इथेच निघतो. टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. ती वाढली की व्हॉल्व्ह पूर्ण उचलला जात नाही. फारच कमी असली तर तो पूर्ण बसत नाही आणि जळतो. नोझलची तपासणीही आधी, हेड नंतर.

फरक पडला की नाही हे कानाने ठरवू नये. विहिरीचे पाणी त्याच पातळीला असताना डिझेलची टाकी खुणेपर्यंत भरावी, तासभर इंजिन चालवावे आणि मापाने पुन्हा खुणेपर्यंत भरावी. पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण लोडवर तासाला लिटरभर, थोडे जास्त डिझेल लागते. त्याच वेळात पिंप किती वेळात भरते तेही घड्याळावर बघावे. दुरुस्तीआधी एकदा, नंतर एकदा. वेस्लेकचे यंत्र नसले तरी आपल्याला एवढे मोजता येते.

मोजायला बसलात तर बहुतेकांना दिसेल की अडचण हवेच्या वाटेपेक्षा पाण्याच्या वाटेत जास्त आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने शेतीपंपांबाबत जो प्रचार केला, त्यात भर होता तो मोठ्या व्यासाचे पाइप, कमी अडथळ्याचा फूट व्हॉल्व्ह आणि कमी वळणे यांवर. अडीच इंची पाइपाऐवजी तीन इंची घातला, तर तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारी शक्ती शंभरावरून चाळीसवर येते. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड लावणे हे एका अर्थी पोर्टिंगच आहे, आणि त्यात काही फुटायची भीती नाही.

हेडाचे काम काढायचे तर ते पिकाला पाण्याची ओढ असताना काढू नये. पूर येण्याआधी इंजिन काठावर चढवतोच, तेव्हा आषाढात सवडीने उघडावे. बसवताना नट समोरासमोरचे घेत, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. तासभर चालवून थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत आणि टॅपेटची फट त्यानंतरच ठरवावी. काम झाल्यावर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असे फ्लायव्हील थांबवावे, आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा.