सावलीवरून झाडाची उंची

आमच्या शाळेत कब पथक आहे. मी पण कब आहे. बेडन पॉवेल साहेबांनी १९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर घेतले, तिथून स्काऊट सुरू झाले. आम्हा लहानांचे कब १९१६ साली निघाले.

चौथीच्या वर्गामागे निलगिरीचे वाळलेले झाड होते. ते तोडायचे ठरले. वर्ग तिथून ८ मीटरवर. झाड कौलांवर पडेल का? गुरुजी म्हणाले, "कबांनी मोजून सांगा. पण वर कुणी चढायचं नाही."

शनिवारी नऊ वाजता आम्ही १ मीटरची काठी उभी धरली. काठी सरळ हवी, म्हणून सुतळीला दगड बांधून ओळंबा केला. सावली १५० सेंटिमीटर भरली. मग खिचडी खाल्ली, खेळलो आणि साडेअकराला झाडाची सावली मोजली. बुंध्यापासून ९ मीटर. काठीची सावली दीडपट, म्हणून झाड ६ मीटर. आम्ही ओरडलो, "नाही पोचत!"

गुरुजी म्हणाले, "आता काठीची सावली बघा."

बघतो तर काय, ७५ सेंटिमीटरच! सूर्य वर चढला की सावली आखडते. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या असतात. ९०० ला ७५ ने भागले, १२ आले. झाड १२ मीटर! थेट आमच्या वर्गात आले असते.

सोमवारी तोडणाऱ्या काकांना मी आकडा सांगितला. त्यांनी दोर बांधून झाड शेताकडे ओढून पाडले. मग टेपने मोजले, पावणेबारा मीटर भरले. खुंट जमिनीत राहिला, तो धरायला पाहिजे.