सत्तर चिन्हांची जाहिरात

मी शाळेत फार शिकलो नाही. लिहिण्याचे जे काही वळण लागले, ते गेटसभेची पत्रके लिहिताना. पाळी सुटली की कामगार फाटकाबाहेर येतो आणि सायकलवर टांग मारण्यापूर्वी पत्रकावर एक नजर टाकतो. त्या नजरेत मजकूर पोचला तर पोचला. मोबाइलवर येणारा जाहिरातीचा संदेश हे याच पत्रकाचे धाकटे भावंड होय.

या भावंडाचे अंग फार लहान. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीत तेवढ्यात १६० चिन्हे बसतात, देवनागरीत मात्र ७०. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, मोकळी जागा ही सारी वेगळी मोजली जातात. 'वह्या' या दोन अक्षरी शब्दाला पाच चिन्हे लागतात. मर्यादा ओलांडली की संदेशाचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा पडतो.

आमच्या कामगार भांडारात जूनच्या तोंडावर वह्या आल्या. मी लिहू लागलो: 'शैक्षणिक वर्षाच्या शुभारंभानिमित्त आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना हार्दिक...' मोजून पाहिले, तर 'हार्दिक'च्या 'हा'पाशीच सत्तर चिन्हे संपली होती, आणि वहीचा पत्ताच नव्हता! मग लिहिले: 'वह्या डझनाला २४० रु. रविवारी १० ते २. कामगार भांडार, माळीवाडा.' चिन्हे ६२. काय, कितीला, केव्हा, कोठे आणि कोणाकडून, एवढे सांगितले की संदेश पुरा झाला.

पण हा संदेशही एका विडी कामगार बाईंनी उघडला नाही. कारण विचारले. 'खाते बंद होईल, ताबडतोब येथे दाबा,' असा संदेश त्यांना पूर्वी आला होता. त्यांनी भिऊन दाबले आणि आठवड्याची मजुरी गेली. तेव्हापासून त्यांच्या लेखी सारेच संदेश चोरांचे.

म्हणून माझे सांगणे असे, की भीती आणि घाई ही लबाडाची हत्यारे आहेत. प्रामाणिक विक्रेत्याने त्यांना हात लावू नये. 'शेवटची संधी' असे लिहून दुसऱ्या आठवड्यात तोच भाव देणारा दुकानदार आपलीच पत घालवतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी पाठवणाऱ्याची, त्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी सक्तीची केली. २०२५ पासून जाहिरातीच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या नावाअखेर इंग्रजी 'पी' हे अक्षर असते. नकोशा संदेशांची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. ज्याने 'नको' म्हटले, त्याला पुन्हा संदेश पाठवू नये. आमच्या फाटकावरही, ज्याने पत्रक नाकारले त्याच्या खिशात ते आम्ही कधी कोंबले नाही.

नोंदणी कायद्याने होते. विश्वास मात्र रविवारी दहा वाजता भांडार खरेच उघडे असले, तरच बसतो. त्या बाई पुढे शेजारणीचे ऐकून वह्या घ्यायला आल्या. भाव संदेशात लिहिला होता तोच निघाला. माझ्या दृष्टीने जाहिरात त्या दिवशी पुरी झाली.