विश्लेषण : घरी नोटीस आली, पण कायदा वाचायचा कुठे? मासवण, बोईसरच्या रहिवाशांना कोणती मोफत साधने उपलब्ध?

सूर्या नदीकाठच्या मासवण परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी भूसंपादनाची नोटीस येते. कागदावर कायद्याचे नाव असते, कलम असते आणि खाली कुठेतरी हरकतीची मुदत असते. घरातले लोक तो कागद घेऊन तलाठ्याकडे जातात, मग ओळखीच्या कोणाकडे, मग पालघरला. या फेऱ्यांत पंधरा दिवस सहज निघून जातात आणि मुदत मात्र थांबत नाही. पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, वाढवण बंदराचे कामही याच जिल्ह्यात होत आहे. त्यामुळे असा कागद कोणत्याही घरी येऊ शकतो. मूळ कायदा सामान्य माणसाला कुठे वाचता येतो, त्याचा अर्थ मोफत कोण समजावून सांगतो आणि वकील लागलाच तर त्याचा खर्च कोण उचलतो, याचा हा आढावा.

सार्वजनिक विधी ग्रंथालय म्हणजे काय?

कायदे, नियम, राजपत्रे आणि न्यायनिर्णय जिथे कोणीही येऊन वाचू शकतो, असे ग्रंथालय. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्निया राज्यात १८९१ च्या कायद्याने काउंटी स्तरावर विधी ग्रंथालये उभी राहिली. दिवाणी दावे दाखल करताना भरल्या जाणाऱ्या शुल्काचा एक हिस्सा त्यांना मिळतो. लॉस एंजेलिसच्या अशा ग्रंथालयात वकील नसलेले लोकही येतात, अर्जांचे नमुने पाहतात आणि वर्गांना बसतात. तिथले कर्मचारी पुस्तक आणि कलम शोधून देतात, सल्ला मात्र देत नाहीत.

आपल्याकडे न्यायालयांच्या आवारातील ग्रंथालये प्रामुख्याने न्यायाधीश आणि वकील संघांच्या सदस्यांसाठी असतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. तिथे कथा-कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि वर्तमानपत्रे मिळतात, चालू स्थितीतले कायदे क्वचितच. त्यामुळे विधी ग्रंथालयाचे काम आपल्याकडे दोन ठिकाणी विभागले गेले आहे. वाचनाचा भाग मोबाइलवर आला आहे आणि समजावून सांगण्याचा भाग विधी सेवा यंत्रणेकडे आहे.

मूळ कायदा मोबाइलवर कुठे मिळतो?

केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे मोफत वाचता येतात. कायद्याचे नाव किंवा वर्ष टाकले की कलमवार मजकूर उघडतो. राज्याचे अनेक कायदे मराठीत विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. अधिसूचनांसाठी महाराष्ट्र शासनाचे ई-राजपत्र पाहावे. छापील प्रत हवी असल्यास मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात शासनाची प्रकाशने विकत मिळतात.

न्यायनिर्णयांसाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ ही सेवा मोफत सुरू केली. तिथे काही निर्णयांचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद समजून घेण्यासाठी असतो, न्यायालयात मूळ इंग्रजी निर्णयच ग्राह्य धरला जातो. आपल्याच प्रकरणाची पुढची तारीख पाहायची असेल, तर ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या ॲपमध्ये प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकावा. तारीख, झालेले आदेश आणि प्रकरणाची स्थिती दिसते. त्यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही.

वाचताना सर्वात आधी काय पाहावे?

तारीख. कायदे बदलतात आणि जुनी पुस्तके तशीच राहतात. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कामगारविषयक चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तारापूर औद्योगिक वसाहतीत एखाद्या कामगाराला अपघात झाला, तर अपघात कोणत्या तारखेचा आहे, हा पहिला प्रश्न ठरतो. घरातल्या कपाटातले किंवा व्हॉट्सॲपवर आलेले कलम आज लागू असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले गाव त्या कायद्याच्या कक्षेत येते का. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होतो. डहाणू, तलासरी, मोखाडा, जव्हार आणि वाडा हे तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आले. पालघर तालुक्यातील मात्र १४४ गावेच त्या यादीत आहेत. शेजारच्या गावाला ग्रामसभेचा जो अधिकार आहे, तो आपल्याला आहे की नाही, हे ऐकीव माहितीवर न ठरवता यादीत गावाचे नाव पाहून ठरवावे.

मुदती किती कडक असतात?

नोटीस हाती आल्यावर खरा धोका इथेच असतो. भूसंपादन कोणत्या कायद्याखाली होत आहे, यावर मुदत ठरते.

• २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. हरकत घेणाऱ्याला सुनावणीची संधी द्यावी लागते.

• राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली जमीन घेतली जात असेल, तर हरकतीसाठी अधिसूचनेपासून फक्त २१ दिवस मिळतात.

• २०१३ च्या कायद्यात निवाड्याची रक्कम मान्य नसेल, तर कलम ६४ खाली प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असलो, तर मुदत सहा आठवड्यांची आहे.

• वन हक्क कायद्यात ग्रामसभेच्या ठरावावर नाराज असलेल्याला उपविभागीय समितीकडे जाण्यासाठी ६० दिवस असतात. अपिलाचा पुढचा टप्पा जिल्हास्तरीय समिती आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर त्यापुढे विभागीय समितीकडेही दाद मागता येते.

• दिवाणी न्यायालयाचे समन्स आले, तर लेखी म्हणणे साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते.

एकाच शिवारातल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाला ६० दिवस आणि दुसऱ्याला २१ दिवस, असे होऊ शकते. म्हणून नोटिशीवरील कायद्याचे नाव आणि कलम आधी वाचावे. नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटासह जपून ठेवावी. अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

आदिवासींच्या जमिनीबाबत वेगळे काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील १९७४ च्या दुरुस्तीनंतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने देण्यावर कलम ३६अ चे निर्बंध आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय असा व्यवहार करता येत नाही आणि विक्रीसारख्या व्यवहारांना शासनाची पूर्वमान्यताही लागते. ही तरतूद फक्त अनुसूचित क्षेत्रापुरती नाही, ती राज्यभर आहे. साध्या कागदावर किंवा मुद्रांकावर ‘करारनामा’ करून घेणारा कोणी आला, तर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी हे एक कलम वाचून घेतलेले बरे. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. म्हणून आपला सातबारा महाभूलेखवर अधूनमधून पाहण्याची सवय ठेवावी.

वकील मोफत कोणाला मिळतो?

राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आला. पैशांअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, हा त्याचा आशय. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. कलम १२ मधील यादी प्रत्येकाने एकदा वाचावी अशी आहे. अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, महिला, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक दुर्घटनेसारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. या गटांसाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे.

याचा अर्थ मासवणमधील आदिवासी शेतकरी, बोईसरमधील कारखान्यात काम करणारा परप्रांतीय कामगार आणि कोणत्याही घरातील महिला, हे तिघेही पगार किंवा दाखला न पाहता पात्र ठरतात. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे, एवढे पाहिले जाते.

ही मदत फक्त न्यायालयापुरती आहे का?

नाही, आणि इथेच अनेकांचा गैरसमज होतो. या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात महसुली न्यायालये, न्यायाधिकरणे आणि अर्धन्यायिक अधिकार वापरणारी प्राधिकरणेही येतात. म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांपुढील जमिनीच्या वादातही मदत मागता येते. सल्ला, अर्जाचा मसुदा, न्यायालय शुल्क, कागदपत्रांच्या प्रती आणि वकिलाचे मानधन हा खर्च यंत्रणा उचलते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे मागणे नियमाबाहेर आहे. तसे झाल्यास ज्या कार्यालयाने वकील नेमला, तिथेच लेखी तक्रार करता येते.

अर्ज कसा करायचा?

तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिच्या वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेले तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जही करता येतो. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय अपेक्षित असतो. अर्ज नाकारला, तर त्याविरुद्ध अपील करता येते.

पालघरपर्यंत जाण्याआधी फोनवर विचारायचे असेल, तर राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. ‘टेली-लॉ’ सेवेचा क्रमांक १४४५४ असून गावातील सामायिक सेवा केंद्रातूनही वकिलाशी बोलता येते. जाताना नोटीस, तिचे पाकीट, सातबारा, आधार, असल्यास जातीचा दाखला आणि घटनांच्या तारखांची एक साधी यादी सोबत न्यावी. वकिलाला कहाणीपेक्षा तारखा आधी लागतात.

लोकअदालतीत गेले तर?

वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते. तिथे धनादेश न वटणे, मोटार अपघात, बँक वसुली, वीजबिल, कौटुंबिक आणि दिवाणी वाद तडजोडीने मिटवले जातात. प्रलंबित दावा मिटला, तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मात्र लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून आकडा नीट समजल्याशिवाय सही करू नये. तडजोड नाकारण्याचा पूर्ण हक्क असतो. नाकारल्यास प्रकरण मूळ न्यायालयात पुढे चालते.

याशिवाय ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन या सुमारास कायदेविषयक शिबिरे होतात. विधी महाविद्यालयांनाही विधी साहाय्य केंद्र चालवावे लागते. ग्रामपंचायतीने मागणी केली, तर अशी शिबिरे गावातही घेता येतात.

कायदा वाचून खरेच काही बदलते का?

उदाहरणे याच किनारपट्टीवर आहेत. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. २४ जानेवारी २०२२ रोजी लवादाने निर्णय देऊन उद्योगांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डहाणूबाबत दिलेल्या निर्णयानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. हे दोन्ही निर्णय आज कोणालाही वाचता येतात.

अर्थात मोबाइलवर कलम वाचणे म्हणजे सल्ला मिळणे नव्हे. नोटीस आली की त्याच दिवशी तीन गोष्टी कराव्यात. कायद्याचे नाव आणि कलम टिपून घ्यावे, मुदतीचा शेवटचा दिवस घरातल्या कॅलेंडरवर लिहावा आणि १५१०० वर फोन करावा. एवढे झाले, की पुढे वकिलाचा सल्ला घ्यायला पुरेसा वेळ हाती राहतो.